खोब्रागडे भाऊ आणि अमानतीची वही

बाजाराचा दिवस होता. चंद्रपूरची एस.टी. अहेरीला लागली आणि कंडक्टर सरळ माझ्या दुकानापुढे येऊन उभा राहिला. मी मीठ मोजत होते. "जुबेदाबाई, तुमचे खोब्रागडे भाऊ गेले," तो म्हणाला. माझा हात थांबला नाही. गिऱ्हाईक समोर होतं, त्याला मीठ द्यायचं होतं. ते गेल्यावर मात्र मी आत पोत्यावर बसून रडले. त्याला आता सहा आठवडे झाले.

खोब्रागडे भाऊ चंद्रपूरचे कर सल्लागार. वडील कोळशाच्या खाणीत मजूर, आणि भाऊ त्यांच्या गल्लीतले पहिले बी.कॉम. महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी पहिल्या गाडीनं अहेरीला यायचे आणि टेलर, सायकलवाला, चहाचं हॉटेल अशा आम्हा लहानसहान लोकांचे कागद बघायचे. सही घेण्याआधी अख्खा फॉर्म मोठ्यानं वाचून दाखवायचे. सायकलवाला वैतागायचा, "भाऊ, मले समजलं, आता द्या इकडे." भाऊ पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. स्वभावानं तसे हट्टीच होते, आणि फीसाठी कधी मागे लागले नाहीत हे त्यांच्या बायकोला आवडत नसे.

माझा नवरा वारला तेव्हा मी सातवी पास, पदरात दोन मुली आणि हे मीठ-तेल-साबणाचं दुकान. भाऊंनी मला एकच नियम सांगितला. "बाई, दुकानात जे आलं ते लिवा. काहीच सोडू नका. नाई लिवलं तर लोक म्हणतील, लपवून राह्यली." मी तो नियम कुराणातल्या शब्दासारखा पाळला. तिथंच घोळ झाला.

आमच्याकडची रीत अशी की जंगलातल्या गावांहून पायी आलेली माणसं आपलं ओझं ओळखीच्या दुकानात ठेवून जातात. कोणी तांदळाचं पोतं, कोणी मोहफुलांचं गाठोडं, कोणी पाण्याचा पितळेचा गुंड. पुढच्या बाजाराला येऊन घेऊन जातात. आम्ही त्याला अमानत म्हणतो. त्याचे पैसे घेत नाहीत, द्यायचे नसतात. पण ते दुकानात आलं होतं ना… मग मी मालाच्या वहीत लिहीत गेले. नेलं की ओळीवर काट मारायची. एकदा एक म्हातारी तिचा कोंबडा ठेवून गेली, तर तेही लिहिलं, 'कोंबडा १, तांबडा'.

गडचिरोली जिल्हा नवा झाला होता, त्या सुमारास विक्रीकरवाल्यांची तपासणी झाली. विक्री ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर विक्रीकर लागत नसे, आणि माझं दुकान मर्यादेच्या बरंच आत होतं. पण तपासणाऱ्यांनी अमानत धरली माझी खरेदी आणि काट धरली विक्री. मग मी मर्यादेच्या वर गेले, तीन वर्षांचा कर आणि वर दंड. नोटिशीत तो तांबडा कोंबडासुद्धा होता. अख्खं दुकान विकलं असतं तरी ती रक्कम निघाली नसती.

बाजारातल्या शहाण्या लोकांनी मला वाट दाखवली, जुनी वही जाळ आणि नवी लिही. भाऊ आले तेव्हा मी वही हातात घेऊनच बसले होते. म्हटलं, "भाऊ, चुलीत टाकते. कोणाले समजते?"

त्यांनी वही काढून घेतली, नोटिशीशी ताडून सगळी वाचली. "वही खरी आहे, बाई," ते म्हणाले. "खऱ्या वहीले काऊन जाळता? चुकलो मी. जे आलं ते लिवा म्हटलं, कोणाचं ते लिवा म्हणायचं राह्यलं."

चंद्रपूरच्या सुनावणीला मी सोबत होते. भाऊंनी लेखी उत्तर ठेवलं. त्यात लिहिलं होतं की बाईंनी माझ्या सल्ल्याप्रमाणे नोंदी केल्या, सल्ला अपुरा होता, चूक माझी आहे. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी चष्मा काढला. "खोब्रागडे, हे कागदावर राहील. तुमच्या नावावर येईल. उद्या इथं तुम्हाला उभं राहता येणार नाही कदाचित. बाईंना समजलं नाही, एवढं लिहा ना."

"बाईले समजलं होतं, साहेब," भाऊ म्हणाले आणि त्यांच्यासमोर सही केली.

मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. घरी बायको, शिकणारी मुलगी, आणि हा माणूस परक्या बाईच्या कोंबड्यासाठी स्वतःचं नाव पणाला लावतो… साहेब मात्र माणूस होते. त्यांनी एका कर्मचाऱ्याला लागोपाठ दोन बाजार माझ्या दुकानात बसवलं. त्यानं डोळ्यांनी पाहिलं, लोक येतात, ओझं ठेवतात, जुनं उचलतात, आणि पैशाचं नावही निघत नाही. नोटीस मागे घेतली गेली. भाऊंना लेखी समज मिळाली आणि चंद्रपूरच्या दोन मोठ्या व्यापाऱ्यांनी आपल्या फायली उचलून नेल्या. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, "जाऊ द्या. तेवढंच वाचायचं काम कमी झालं." पुढच्या खेपेला त्यांनी मला एक वेगळी वही आणून दिली. वर त्यांच्याच अक्षरात 'अमानत', आत तीन रकाने, कोणाचं, काय, केव्हा नेलं.

मागच्या बाजाराला चंद्रपूरहून नवे सल्लागार आले. तरुण आहेत, हुशार आहेत, कॅल्क्युलेटरवर बोटं भराभर चालतात. मालाची वही त्यांना आवडली. मग ही दुसरी वही उघडून ते हसले. "बाई, हे बंद करा. कायद्यात हिची काही गरज नाही. उगाच कोणी विचारलं तर भानगड. तेव्हा जबाबदारी कोण घेणार?"

दारात एक बाई तांदळाचं पोतं डोक्यावरून उतरवत होती. मी वही त्यांच्या हातातून घेतली, तिचं नाव विचारलं, पहिल्या रकान्यात लिहिलं.

"मी घेईन," मी म्हटलं. "कागद द्या, आत्ताच लिहून देते."