बॅगेतले दोनशे डास

"मी हा अर्ज नेणार नाही, सर."

"शिपायाचं काम कागद नेण्याचं. वाचण्याचं नव्हे."

हे भांडण मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं. हातात चहाचा ट्रे, आणि बाहेर जावं की थांबावं ते कळेना. चहावर साय धरली तरी मी तिथेच. नेणार नाही म्हणत होत्या त्या आमच्या वन्सं, माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्यातच राहायच्या. किड्यामुंग्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत तीस वर्षं शिपाई होत्या. निवृत्तीला तेव्हा चार आठवडे उरले होते. समोर बसले होते ते त्यांच्याच संस्थेतले सर. सगळे त्यांना डासांचे सर म्हणत.

संस्थेतलं कोणी परदेशात परिषदेला निघालं की व्हिसाचे कागद वन्सं लावून द्यायच्या. स्वतःचा पासपोर्ट नाही, विमान बघितलं ते आभाळातलं. पण कुठल्या देशाला फोटोत दोन्ही कान उघडे लागतात, कुणाला दात दिसलेले खपत नाहीत, कुठे पासपोर्टची दोन पानं समोरासमोर कोरी हवीत, सगळं तोंडपाठ. मी भाजी निवडता निवडता खोदून खोदून विचारायची. मला जग कळलं ते असं, कोण दारात काय मागतो त्यावरून. दोन कोरी पानं कशाला, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "एकावर व्हिसा चिकटवायला, दुसऱ्यावर शिक्के मारायला." मला आपलं वाटलं होतं, पाहुण्याला पाय पसरायला.

तर सरांचं. अकरा वर्षं ते एकच गोष्ट शोधत होते, डास ऐकतो कसा. तो मिशांनी ऐकतो हे वन्संनी मला सांगितलं, त्या दिवसापासून मी डास मारण्याआधी जरा बघते. मारते, पण बघते. सरांना त्यात काहीतरी नवं सापडलं होतं आणि ते चार वर्षांतून एकदा भरणाऱ्या परिषदेत सांगायचं होतं. दुसऱ्या एका देशातली मंडळीही त्याच वाटेवर होती. या खेपेला राहिलं तर अकरा वर्षांचं काम दुसऱ्याच्या नावावर लागणार. परिषद चार आठवड्यांवर आलेली. परिषदेच्या व्हिसाला तेवढेच लागायचे, कधी जास्तच. फिरायला जाणाऱ्याचा व्हिसा आठवड्यात मिळायचा. म्हणून सरांनी 'येण्याचं कारण' या रकान्यात लिहून टाकलं होतं, पर्यटन.

"फिरणार आहेच की मी तिथे, एक दिवस," सर म्हणाले.

"बरं. बॅगेत काय नेणार?"

"कपडे."

"आणि?"

सर म्हणाले, "नमुने."

"किती?"

"दोनशे."

"फिरायला निघालेला माणूस दोनशे मेलेले डास काचेवर चिकटवून नेतो होय? तिथला अधिकारी विचारेल, काय काय बघणार? तुम्ही काय सांगणार? आत्ता नुसतं माझ्यासमोर बोलताय तर कान लाल झालेत. फोटोत कान उघडे मागतात ते उगीच नाही, सर."

माझ्या हातातल्या कपबश्या वाजल्या. हसू आवरताना दुसरं काय होणार.

"विमानतळावरून परत पाठवतील," वन्सं म्हणाल्या, "आणि पासपोर्टवर तसा शिक्का मारतील. मग चार वर्षांनीही जाणं नाही."

सर ताडकन उठले आणि चहा न घेताच गेले. अर्ज टेबलावर राहिला.

मी बाहेर आले. म्हटलं, "एवढं ताणायला नको होतं, वन्सं. तिळाएवढं खोटं. निवृत्तीला महिना उरलाय, आता कशाला कुणाशी वाकडं घ्यायचं?"

"खोटं त्यांचं असेल, वहिनी, पण नेणारा हात माझा. तीस वर्षांत माझ्या हातचा माणूस कुणाच्या दारातून परत आलेला नाही."

दुसऱ्या दिवशी संस्थेत सर आपण होऊन वन्संच्या टेबलाशी गेले आणि एवढंच म्हणाले, "काय काय लागेल?" हे मला संध्याकाळी कळलं. वन्संनी आधी परिषदवाल्यांचं पत्र मागितलं. त्यात दोन ओळी होत्या, आपण येत आहात, आनंद वाटतो. वन्सं म्हणाल्या, "हे पत्र नव्हे, नमस्कार आहे." पत्रात पासपोर्टचा नंबर हवा, तारखा हव्यात, सर तिथे बोलणार आहेत हे हवं, खर्च कुणाचा ते हवं, खाली सही. सरांना परत लिहायचा संकोच. एवढ्या मोठ्या लोकांना त्रास कसा द्यायचा?

"ज्याने बोलावलं त्याने दार उघडायला नको?" वन्सं म्हणाल्या. "आणि लिहिताच आहात तर भाषण शेवटच्या दिवशी ठेवा म्हणावं, व्हिसाला तेवढेच दिवस जास्त मिळतील."

दोन दिवसांत उत्तर आलं. सगळं मान्य, वर टोमणा, असं पत्र बाकीच्यांनी कधीच मागून घेतलं, तुम्ही इतका उशीर का केलात?

मग फाइल लागली. वर पत्र, खाली नावनोंदणीची पावती, संस्थेचा दाखला, येण्याजाण्याचं तिकीट, राहायची सोय, विमा. बोटांचे ठसे द्यायला सरांना स्वतःला व्हिसाच्या कचेरीत जावं लागलं, वन्सं बरोबर होत्या. काचांचा गोंद बोटांना इतका चिकटलेला की यंत्र ठसेच घेईना. खिडकीतली मुलगी म्हणाली, "तुम्ही शास्त्रज्ञ की सुतार?" वन्संनी रुमाल ओला करून दिला.

पुढे नुसती वाट बघणं. रोज विचारलं की एकच उत्तर, काम चालू आहे. मी संध्याकाळी दारातच विचारायची, वन्सं मान हलवून आत जायच्या. परिषद सुरू व्हायच्या आदल्या दिवशीही तेच. जेवताना आमचे हे म्हणाले, "तुझ्या खरेपणाने त्या बिचाऱ्याची अकरा वर्षं गेली." वन्संनी अर्धी पोळी ताटात ठेवली. त्यांना अन्न टाकताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

परिषदेचा पहिला दिवस तोच वन्संच्या नोकरीचा शेवटचा. चार वाजता त्यांना निरोपाचा चहा होता. अकरा वाजता निरोप आला, पासपोर्ट घेऊन जा. सरांचं अधिकारपत्र घेऊन त्या निघाल्या आणि मीही पदर खोचून बरोबर निघाले. जन्मभर जिच्या गोष्टी ऐकल्या ती खिडकी एकदा बघायची होती. बघितली. बँकेत असते तशीच. मी जरा हिरमुसलेच.

आतल्या माणसाने पाकीट सरकवलं. वन्संनी तिथेच उघडलं. व्हिसा होता. पण खिडकी सोडतील तर शपथ. नाव, नंबर, कधीपासून, कधीपर्यंत, एकेका ओळीखालून बोट फिरत होतं. मागचा माणूस कुरकुरला, "अहो, बाजूला होऊन वाचा ना."

"इथे चूक सापडली तर इथेच सुधारते," वन्सं मान न वळवता म्हणाल्या. "वाचून झालं की होते बाजूला."

चूक नव्हती. पुढे सर शेवटच्या दिवशी बोलले, निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या म्हणे, पण शोध त्यांच्याच नावावर लागला. ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही बसने संस्थेत आलो. वन्सं पिशवीवर हात ठेवून बसल्या होत्या. सर खोलीत बॅग भरून उभेच होते. पासपोर्ट हातात घेतला, पान उघडलं, आणि त्यांना काहीतरी बोलायचं होतं. घसा खाकरला.

वन्संनी पासपोर्टांच्या देवघेवीचं रजिस्टर पुढे केलं. "आधी सही, सर."

सरांनी सही केली. वन्संनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, शेजारच्या रकान्यात वेळ लिहिली, एक वाजून चाळीस, आणि रजिस्टर कपाटात जागेवर ठेवलं.