काकांची आवड

सुपरमार्केटात आइस्क्रीमचे फ्रीझर भरणाऱ्या ताईंना, गिऱ्हाईक दार कसं उघडतं यावरूनच ते काय उचलणार हे कळायचं. निवृत्त बसचालक काका मात्र दर शनिवारी काचेसमोर घुटमळायचे आणि हात हलवत परत जायचे.

शेवटी ताईंनी विचारलंच, "काका, तुम्हाला कोणतं आवडतं?"

"कोणास ठाऊक! आमची ही होती तोवर तिच्या आवडीचं यायचं. मी मुकाट खायचो."

ताईंनी चार चवींचे छोटे कप निवडून दिले.

पुढच्या शनिवारी काका हसतच आले. "चारही खाऊन पाहिले. मला आइस्क्रीम आवडतच नाही हो! चाळीस वर्षं खाल्लं ते नुसतं तिच्या संगतीनं."

ताईंना हसावं की रडावं कळेना. काका मात्र खुशीत होते. "आता सांगा," ते म्हणाले, "खारे दाणे कुठे ठेवता?"