पांढऱ्या पायाची डॉक्टर

इस्पितळाच्या फाटकासमोर खाणावळ टाकली की कोणालाही वाटेल, या बाईचं नशीब उघडलं. मलाही वाटलं होतं. सव्वीस वर्षं झाली त्याला. म्हशीचा खिमा घातलेल्या नूडल्स, वर मऊ अंडं, शेजारी वाटीभर गरम सार, असं फिलिपिन्सच्या या तुगेगाराव शहरात माझ्यासारखं कोणी करत नाही. हे मी नाही म्हणत, खाणारे म्हणतात. पण समोरचे डॉक्टर? कामाच्या पाळीवर असले की माझ्या पाटीकडे ढुंकून बघत नाहीत. का, तर पाळीवर असताना नूडल्स खाल्ल्या की रुग्णांची रांगही तशीच लांबत जाते म्हणे, संपता संपत नाही. एवढी शिकलेली माणसं, माणसाचं पोट उघडून परत शिवतात आणि माझ्या ताटलीला घाबरतात! पाळी संपली की मात्र हेच सगळे दुष्काळातून आल्यासारखे तुटून पडतात.

म्हणून मेरिदेल माझ्या माडीवर भाड्याने राहायला आली तेव्हा मी पहिलं काम काय केलं, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्या इस्पितळातल्या पाळीच्या तारखांना लाल गोल काढले. दर तिसरा दिवस, चोवीस तास. गोल असेल त्या दिवशी तिला भात आणि तळलेला मासा, नसेल त्या दिवशी नूडल्स. घोटाळा नको.

मेरिदेल तुमालिवान ही बग्गावची, इथून दोन तासांवरची. डॉक्टरकी शिकता शिकता तिचं लग्न झालं, बाळंतपण झालं, आणि सहा महिन्यांचं पोर आईच्या ओटीत टाकून तिने शेवटची परीक्षा दिली. नवरा जहाजावर. बरोबरीचे सगळे मनिलाला पळाले, ही मात्र तीन वर्षं बग्गावच्या डोंगरातल्या दवाखान्यात बसली. आता तिला मेडिसिनची तज्ज्ञ व्हायचं होतं. तीन वर्षांचं शिक्षण. समोरच्या इस्पितळात जागा दोन आणि उमेदवार चार. रीत अशी की आधी महिनाभर फुकट राबायचं, जुन्या डॉक्टरांनी पारखून घ्यायचं आणि शेवटच्या शुक्रवारी मतं घेऊन ठरवायचं, कोणाला ठेवायचं आणि कोणाला नारळ द्यायचा.

मनिलातल्या एका मोठ्या इस्पितळाने तिला हो म्हटलं होतं. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. दुसरी असती तर नाचत गेली असती. पण तिचा ओन्यो चार वर्षांचा, बग्गावला आजीकडे. इथे जागा मिळाली तर आठवड्यातून एक दिवस पोर मांडीवर. मनिलाला गेली तर नाताळ, आणि फार तर ईस्टर.

"मानांग," ती मला म्हणाली, कारण थोरल्या बहिणीला आमच्याकडे मानांग म्हणतात आणि मी गल्लीतल्या सगळ्यांची थोरली बहीण आहे, "तिकडून परत येईन तेव्हा तो सात वर्षांचा असेल. मला मावशी म्हणेल."

"म्हणू दे की, थोबाड फोडू त्याचं," मी म्हटलं. ती हसली नाही.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर बालिसी पाळी संपवून आला. हा तिथला सगळ्यात सीनियर शिकाऊ, मत देणाऱ्यांचा म्होरक्या. ताटली पुढे ओढत म्हणाला, "मानांग लुमिंग, राग मानू नका, पण तुमची भाडेकरू पांढऱ्या पायाची आहे."

"तुझी जीभ झडो!"

"झडू दे. पण तिची पाळी असली की आमची हाडं खिळखिळी होतात. काल इमर्जन्सीला सत्तावीस! तिच्या आदल्या दिवशी किती? नऊ. प्रत्येक वेळी हेच. स्वभावाने सोनं आहे हो, पण तीन वर्षं तिच्याबरोबर काढायची? आम्हालाही बायकापोरं आहेत. माझं मत तिला नाही, बाकीच्यांचंही नाही."

मी पुढच्या वेळी त्याचं अंडं मुद्दाम दगडासारखं शिजवलं. पण बोललेलं थोडंच परत जातं? मेरिदेलच्याही कानावर गेलं होतं. ती लाल काही घालेना, कामाच्या दिवशी केस धुवेना, आणि एकदा तर मला म्हणाली, "असेलही खरं. काही माणसांच्या मागे लागतंच ना काहीतरी." माझ्या डोळ्यांना धार लागली. इतकी हुशार मुलगी, आणि तीसुद्धा स्वतःला पनवती समजायला लागली.

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी, लाल गोलाच्या दिवशी, सकाळी बग्गावची अपो बासिल्या दारात आली. सत्तरी ओलांडलेली, म्हणून नावाआधी अपो. बाकावर बसली आणि पाणी मागितलं. मी तिचे ओठ बघितले, जांभळे पडले होते.

"अपो, काय होतंय?"

"छातीवर जातं ठेवलंय कोणीतरी. परवापासून."

"परवापासून? आणि आज येताय?"

"अगं, परवाच आले होते की! तूच तर भिंतीकडे बघून सांगितलंस, बग्गावची डॉक्टरीण बुधवारी आहे म्हणून. मग गेले परत."

 अंगावर एप्रन तसाच, तिला काखेत धरून मी रस्ता ओलांडला. जीपवाले कोकलत होते, कोकलू दे. इमर्जन्सीत मेरिदेलने एक नजर टाकली आणि म्हातारीला आत घेतलं.

मी बाहेर पायरीवर बसले. आणि मग एकेक चेहरा आठवायला लागला. सुजलेल्या पायांचा सुतार. साखर वाढलेली शिक्षिका. डोंगरातून आलेल्या त्या दोघी बहिणी. बग्गावचे असे रोज चार-पाच जण माझ्या बाकावर बसून विचारायचे, "ती आपली डॉक्टर कधी असते हो?" आणि मी शहाणी, मोठ्या ऐटीत कॅलेंडर दाखवायचे! अरे देवा. पांढऱ्या पायाची ती नव्हती. मी होते.

दुपारी कळलं, म्हातारी वाचली. मी घरी गेले, कॅलेंडर खिळ्यावरून उपटलं आणि थेट विभागप्रमुख डॉक्टर कुसिपागबाईंच्या खोलीत घुसले. बाई कडक. साठीच्या आहेत, पण त्यांच्या चपलांचा आवाज आला की वॉर्डातल्या झाडूवाल्याचीही पाठ ताठ होते. तिथे बालिसी उभा होता आणि म्हातारीचे कागद घेऊन मेरिदेलही. बरंच झालं. मी कॅलेंडर टेबलावर टाकलं आणि सगळं ओकून टाकलं.

पहिली भडकली मेरिदेल. या मुलीचा चढलेला आवाज मी तोवर ऐकला नव्हता. "मानांग! छातीत दुखणाऱ्या बाईला तुम्ही परत पाठवलंत? माझ्यासाठी? ती मेली असती!"

"मला काय माहीत छातीत दुखतंय ते? तिने विचारलं, मी सांगितलं..."  मी रडत होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, तेही गिऱ्हाइकांसमोर.

कुसिपागबाईंनी इमर्जन्सीचं रजिस्टर मागवलं. एक बोट माझ्या लाल गोलावर, दुसरं रजिस्टरवर. बग्गाव, बग्गाव, पुन्हा बग्गाव. पानं उलटत राहिल्या. मग चष्म्यावरून बालिसीकडे बघितलं.

"हिची पाळी नसते तेव्हा बग्गावचे किती?"

"महिन्यात... तीन, मॅडम."

"आणि हिच्या पांढऱ्या पायांचा शोध तूच लावलास, नाही का? निदान करण्याआधी माहिती घ्यायची असते, हे तुला तीन वर्षं कोण शिकवतंय?"

 मग बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तू, लुमिंग. उद्यापासून कोणी विचारलं, डॉक्टर कधी असते, तर काय सांगशील?"

"आत्ताच जा, म्हणून सांगेन."

"ऐकू आलं नाही."

"आत्ताच जा!"

बाईंनी तीनदा म्हणून घेतलं, शाळेतल्या पोरीसारखं. कॅलेंडर जप्त केलं ते केलंच.

शुक्रवारी सकाळपासून माझ्या हाताला चव नव्हती. मीठ दोनदा पडलं. पाळी लागलेले दोन-तीन डॉक्टर नेहमीसारखे मान फिरवून समोरून गेले. आणि भर बारा वाजता कुसिपागबाई रस्ता ओलांडून आल्या. अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. पहिल्या बाकावर, अगदी फाटकातून दिसेल अशा, बसल्या.

"एक ताटली. खिमा जास्त."

 मी हळूच म्हटलं, "डॉक्टर, आज तुमची पाळी आहे ना?"

"आहे. म्हणूनच बसलेय इथे. सगळ्यांना नीट दिसू दे." त्यांनी अंडं फोडलं, वर लिंबू पिळलं आणि पहिला घास घेऊन म्हणाल्या, "तुझी पोरगी राहिली. एकमताने. बालिसीचा हात सगळ्यात आधी वर गेला."

फाटकात उभा राहून बालिसी आमच्याकडे बघत होता आणि छातीवर क्रूसाची खूण करत होता. मी चुलीपाशी गेले आणि पदरात तोंड खुपसावं तसं एप्रनमध्ये तोंड खुपसून मनसोक्त रडून घेतलं. सुटले बाई एकदाची, एवढंच मनात येत होतं.

त्या दिवशी इमर्जन्सीला बावीस जण आले. त्यातले आठ तरी त्या ताटलीमुळे आले, असं बालिसी अजून म्हणतो. म्हणू दे.

रविवारी तिची आई ओन्योला घेऊन आली. मेरिदेल त्याला मांडीवर घेऊन बसली, दोन घास खाल्ले आणि टेबलावर डोकं टेकून तिथेच झोपली. त्याने नूडल्स संपवल्या, आईचे केस ओढून बघितले, ती उठेना, तेव्हा मला विचारलं, "अपो लुमिंग, आई परत कधी असते?"

मी त्याला कडेवर घेऊन भिंतीपाशी नेलं. खिळ्यावर नवं कॅलेंडर होतं. लाल गोल आता तिच्या सुट्टीच्या दिवसांना आहेत आणि कितीही लोकांनी विचारलं तरी मी ते कोणाला सांगत नाही. ओन्योने साराने माखलेलं बोट एकेका गोलावर ठेवत मोजायला सुरुवात केली. पाचच्या पुढचं त्याला येत नव्हतं, मग आम्ही दोघांनी मिळून मोजलं.