गुरुवारचा आकडा

२००० सालच्या ऑगस्टमध्ये बीडमधल्या आमच्या साप्ताहिकाच्या वेबसाइटवर एका बेपत्ता तरुणाविषयी निवेदन लागले. त्यातली एकही ओळ बीडबाहेर वाचता येत नव्हती, हे डिसेंबरमध्ये कळले.

मी त्या साप्ताहिकात उपसंपादक होतो. मोठ्या दैनिकांच्या जिल्हा पुरवण्या रंगीत निघू लागल्या होत्या आणि आमचे गठ्ठे बस स्टँडवरच्या स्टॉलवरून परत येत होते. संपादक पुण्याला जाऊन आले. तिथल्या फलकांवर प्रत्येक नावापुढे डॉट कॉम लागले होते. बीड सोडून गेलेले लोक आता तिथे बसून आपल्याला वाचतील, असे त्यांनी आल्या आल्या सांगितले आणि मोंढ्याजवळच्या सायबर कॅफेच्या मालकाला काम दिले. त्याने वर सरकती पट्टी टाकली, कोपऱ्यात हलत्या ज्योतीची समई ठेवली, अभिप्रायाची वही उघडली. प्रत्येक पानाच्या तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा होता. त्या काळात बहुतेक वेबसाइट अशाच दिसत. जागा एका परदेशी कंपनीने फुकट दिलेली होती.

निवेदन देणारे चकलांब्याचे किराणा दुकानदार होते. वय साठीच्या आसपास, कपाळाला विभूती. त्यांना सगळे आप्पा म्हणत. एकुलता एक मुलगा बावीस वर्षांचा होता आणि त्याने गेवराईला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. आप्पांना तो दुकानात हवा होता. जूनमध्ये एका सकाळी गिऱ्हाइकांसमोर ते त्याला म्हणाले, त्या डब्यानं पोट भरत असंल तर डब्याजवळच जाऊन राहा. दुपारच्या गाडीने तो गेला. पुण्याला उतरला, एवढे कंडक्टरकडून समजले.

आप्पा आधी अंकात छापण्यासाठी आले होते. अंक पुण्याला जात नाही, वेबसाइट जाते, हे त्यांना मी सांगितले. मुलगा कॉम्प्युटरवर बसणारा आहे, कधीतरी गावाकडचे पान उघडेल, असेही सांगितले. त्यांना ते पटले. फोटो त्यांनी खिशातूनच आणला होता. खाली गावातल्या फोन बूथचा नंबर दिला. मजकूर तीन वाक्यांचा होता. जिथे असशील तिथून ये. आईची तब्येत बरी नाही. दुकानात बसायला कोणी सांगणार नाही. तिसरे वाक्य मी लिहिलेले नव्हते. ते त्यांनी दारापर्यंत जाऊन, परत येऊन सांगितले.

दर गुरुवारी ते मोंढ्यात माल घ्यायला येत. पोती टेम्पोत चढवून झाली की कॅफेत येऊन उभे राहत. मी ऑफिसातून जाई. कॅफेवाला पान उघडी, खाली सरकवी आणि आकडा वाचून दाखवी. पहिल्या गुरुवारी पाचशे आठ होता. दिवाळीत सहाशेच्या वर गेला. तुमचं पान संपादकांच्या अग्रलेखापेक्षा जास्त चालतंय, असे कॅफेवाला त्यांना म्हणाला. आप्पा हसले. ते आकडा बिडीच्या पाकिटावर लिहून घेत. घरी सांगायचा असतो, म्हणत. बायको अंथरुणाला होती.

डिसेंबरमध्ये मी कामानिमित्त पुण्याला गेलो. मेव्हण्याला आमची वेबसाइट दाखवावी म्हणून तिथल्या एका कॅफेत ती उघडली. समई दिसली. पट्टी सरकत होती, पण तिच्यावर अक्षरे नव्हती. चौकोन, प्रश्नचिन्हे आणि टिंबे लावलेली इंग्रजी अक्षरे होती. मी आप्पांचे पान उघडले. वर फोटो होता. खाली चौकोन, त्याखाली फोनचा नंबर आणि मग आकडा, सहाशे एकाहत्तर. शेजारच्या दोन मशीनवरही तसेच दिसले.

बीडला परतल्यावर कॅफेवाला म्हणाला, आपल्याकडं तर नीट दिसतंय. मराठी फॉन्ट त्याच्या पाच मशीनवर आणि आमच्या ऑफिसातल्या एका मशीनवर होता. ज्यांच्याकडे नाही त्यांनी तो कुठून उतरवून घ्यावा, ही सूचना त्याने पहिल्या दिवसापासून पानावर दिलेली होती. ती त्याच फॉन्टमध्ये होती.

संपादकांनी त्याला विचारले, “कामून रे, ती एक ओळ तरी इंग्रजीत टाकायची न्हाई?”

“मराठी साइट हाय म्हणून मराठीत टाकली,” तो म्हणाला.

आकड्याविषयी मी विचारले. सुरुवात त्याने पाचशेपासून ठेवली होती. नवी साइट रिकामी दिसू नये म्हणून सगळे तसेच करतात, असे तो म्हणाला. वरच्या एकशे एकाहत्तरांपैकी पुण्यातला एक माझा होता. बाकीचे बहुतेक आम्हीच, त्याच्या कॅफेत आणि आमच्या ऑफिसात, कुणाकुणाला पान दाखवताना झालेले असणार, हे त्याने मान्य केले. आप्पांना काही सांगू नये, गुपचूप दुरुस्त करावे, असे संपादकांचे मत पडले.

गुरुवारी मी आप्पांना सांगितले. कॅफेतल्या बाकावर बसवून, फॉन्टचे आणि पाचशेचे, दोन्ही सांगितले. पाचशेचे त्यांना लगेच समजले. दुकानाच्या मांडणीत पुढं भरलेले डबे, मागं रिकामी खोकी, आमीबी तसंच लावतो, म्हणाले. फॉन्टचे पुन्हा सांगावे लागले.

“म्हंजे फोटो दिसला असंल?”

“उघडलं असेल तर दिसला असेल.”

“अन् खाली लिवलेलं?”

“नाही.”



“मग त्याला वाटलं असंल, बापानं फोटो लावला. पोलिसात दिलं आपल्याला,” ते म्हणाले. “ते दुकानाचं वाक्य फोटोच्या वर घ्या. अन् आकडा शून्यापासून लावा.”

जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी तसे केले. मजकुराचेच चित्र करून टाकले, म्हणजे फॉन्टची गरज उरली नाही. पान उघडायला वेळ लागू लागला. इतर दिवशी ते कुणी उघडायचे नाही, असे कॅफेवाल्याने आणि मी ठरवले. गुरुवारी एकदा, आप्पांसमोर. आमचे गुरुवारचे सगळे वजा करून आप्पा बाकीचे लिहून घेत. पाकिटावर बहुतेक वेळा आधीचाच आकडा पुन्हा लिहिला जाई.

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी आकडा एकोणीस होता. त्यातले तेरा आमचे होते. उरलेले सहा कुठले, हे शोधण्याची सोय त्या आकड्यात नव्हती. फोन बूथवर कुणाचा फोन आला नव्हता. एप्रिलमध्ये फुकट जागा देणाऱ्या कंपनीने ती सेवा बंद केली. आमची सगळी पाने एका दिवसात गेली. संपादकांनी नवी जागा घेतली नाही.

मे महिन्यात आप्पांच्या पत्नीचे निधन झाले. बातमी आप्पांनी बूथवरून फोनवर सांगितली आणि मी लिहून घेतली. शेवटच्या ओळीपाशी थांबून मी त्यांना पश्चात कोण, असे विचारले. अंकात ती चौथ्या पानावर चार ओळींत लागली. त्यांच्या पश्चात पती व एक मुलगा असा परिवार आहे, ही त्यातली चौथी ओळ.