मेधाताईंचा एक रिकामा वर्ग

मेधाताई नवीन माणूस भेटला की नाव नंतर विचारायच्या. आधी विचारायच्या, "तुमच्या घरी जेवायला कशी हाक मारतात?" आयर्लंडमधल्या शॅननच्या बसथांब्यावर एका पोलिश सुताराला त्यांनी हेच विचारलं, तर बस येईपर्यंत तो आपल्या आजीबद्दल बोलत राहिला. मी शेजारी उभी, लाजेनं अर्धी झालेली.

आम्ही एकाच घरात भाड्यानं राहायचो. त्या पुण्याच्या, इथल्या विद्यापीठात जर्मन, डच आणि आफ्रिकान्स शिकवायच्या. मी नववीत शाळा सुटलेली, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवणारी. इंग्रजीत फोन आला की मी तो ताईंपुढे सरकवायची. ताई फोन माझ्याच कानाला लावायच्या नि शेजारी बसून राहायच्या. "बोल. चुकलीस तर आयरिश माणूस हसेल, आणि मग चहा देईल." ते उपकार फिटणारे नाहीत.

एकदा मी बोलून गेले, "ताई, आफ्रिकान्स शिकून कुणाचं काय भलं होतं हो?"

"अगं, नोकऱ्या लागतात. शिवाय डच अर्धीअधिक फुकटात पदरात पडते. हे कुलगुरूंना सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे, परक्याच्या ओसरीवर घरच्यासारखं टेकता येतं."

आमच्या वृद्धाश्रमात दक्षिण आफ्रिकेचे एक आजोबा होते, पीट. मुलाबरोबर इथं आलेले. मुलगा वारला, सून आयरिश. आठवण जाता जाता त्यांचं इंग्रजीही गेलं होतं, उरली होती ती घरची आफ्रिकान्स. ताट आलं की ते डोळे मिटून बसायचे आणि चमचा पुढे केला की हात झटकायचे. अंगावर कपडे लोंबायला लागले. सुनेला विचारून मी ताईंना घेऊन गेले.

ताई त्यांना 'ओम' म्हणाल्या. तिकडे वडीलधाऱ्याला असंच म्हणतात, आपल्या काकांसारखं. मग हात जोडून, डोळे मिटून त्यांनी आफ्रिकान्समध्ये लहानशी प्रार्थना म्हटली. शेवटचा शब्द आजोबांनीच म्हटला, डोळे उघडले आणि चमचा उचलला.

"आपल्याकडे श्लोक झाल्याशिवाय घास घेत नाहीत ना, तसंच," ताई म्हणाल्या. "तुम्ही घाई करत होतात."

"ही बाई ग्रँड आहे!" आमची नर्स ब्रीडा म्हणाली. ती प्रार्थना ताईंनी मला पाठ करून दिली. मग रोज मी म्हणायची, ओम जेवायचे.

पुढे विद्यार्थी कमी म्हणून विद्यापीठानं ताईंच्या भाषांचे वर्गच बंद केले. ताईंनी हॉलंडला नोकरी धरली. विमानतळावर म्हणाल्या, "प्रार्थना येते ना? तेवढ्यावर त्यांचं जेवण होईल."

"आणि ते काही बोलले तर?"

ताईंनी उगाचच माझा स्कार्फ नीट केला.

हिवाळ्यात एका दुपारी ओमनी माझा हात धरला आणि बोलायला लागले. स्पष्ट, सावकाश. शेवटी काहीतरी विचारून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी ताईंना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. मग मला येत होती ती प्रार्थना म्हटली. ओमनी मान हलवली, 'हे नव्हे' अशी, आणि भिंतीकडे वळले. दुसऱ्या दिवशी ते गेले.

त्या संध्याकाळी ताईंचा फोन आला, तेव्हा मी सगळं सांगितलं. "काय विचारत होते गं?"

मला एक शब्दही सांगता येईना.

ताई म्हणाल्या, "तुझा फोन वाजला तेव्हा मी शिकवत होते गं. वर्ग सोडून बाहेर यायला हवं होतं."

मी म्हटलं, "नाही ताई. त्या वर्गात मुलं तरी होती. इथला तर रिकामाच राहिला."