कॉफीचं भांडं

अजून आठवलं की डोकं फिरतं. मिक्सरचं छोटं भांडं मी फक्त कॉफीसाठी ठेवलं होतं. राजारामपुरीतून भाजलेल्या बिया आणायच्या आणि रोज सकाळी लागतील तेवढ्याच दळायच्या, एवढीच माझी चैन. एका रविवारी सासूबाईंनी त्यातच मटणाचा मसाला वाटला. वर म्हणाल्या, "धुतलंय की दोनदा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुद्दाम त्याच भांड्यात बिया दळल्या, कॉफी गाळली आणि सगळ्यांपुढे कप आदळले. म्हटलं, कळू दे काय केलंय ते. पहिल्याच घोटाला नवऱ्याला ठसका लागला. सासऱ्यांनी मात्र कप रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत आज कुठं चव आलीया बघ तुझ्या कॉफीला."