पाव चमचा

कुंदाताई घराला कुलूप लावायच्या, ओढून बघायच्या, जिना उतरायच्या आणि पुन्हा वर येऊन आणखी एकदा ओढून बघायच्या. मग खाली फाटकापाशी गॅस आठवायचा, की परत वर. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या माझ्या समोरच्या दारात राहत. भाजीला बरोबर जायचं असलं की मी त्यांचं कुलूप पुरतं होऊ द्यायची आणि मगच चपला घालायची. अशी ही भित्री बाई मोबाइलवरून अख्ख्या दिल्लीला छातीवर हात ठेवून सांगायची, "घबराने की बात नहीं." मला दर वेळी हसू यायचं.

हे व्हिडिओंचं खूळ सुरू झालं ते त्यांची मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावर. घर रिकामं झालं आणि ताईंची झोप उडाली. यजमान वसंतराव केंद्र सरकारच्या नोकरीत, निवृत्तीला टेकलेले. त्यांना उशी दिसली तरी घोरणं सुरू. शेवटी ताईंनी आपल्या आईचा उपाय काढला, रात्री दुधातून जायफळ. त्यात वेलदोडा आणि खडीसाखर घालून पूड केली, ती कशी घ्यायची याचा छोटासा व्हिडिओ टाकला, आणि लोकांना तो भलताच आवडला. मग "नींद की पुड़ी" कुरियरने जाऊ लागली. ओट्यावर भाकरीच्या परातीत पूड, शेजारी पाकिटं, आणि समोर नथ घालून ताई. मोबाइल धरायला मी.

त्यांची हिंदी म्हणजे हिंदीचे कपडे घातलेली मराठीच. "दूध उतू नहीं जाने देने का," असं त्या बिनधास्त म्हणायच्या. वसंतराव पेपरामागून कळवळायचे, "अगं, उतू काय? उबाल म्हण." ताई मानायच्या नाहीत. "कळतं त्यांना," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. भाजीवाल्याशी, गॅसवाल्याशी, कुरियरवाल्याशी त्या याच भाषेत बोलत, आणि खरंच सगळ्यांना कळायचं. व्हिडिओखाली बायका "आंटी जी" म्हणून आपली दुखणी लिहीत, आणि ताई चष्मा लावून, एका बोटाने टाइप करत, एकेकीला उत्तर देत.

त्यातलीच एक पूनम. गुरुग्रामच्या पलीकडे मानेसरला राहायची. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात रात्रपाळीला, दिवसा एका खोलीत झोपायचा आणि झोप काही लागायची नाही. तो कूस बदलत पडला की ही बिचारी मोबाइलचा आवाज बंद करून, खाली उमटणारी अक्षरं वाचत ताईंचे व्हिडिओ बघायची. तिने पुडी मागवली तेव्हा ताईंनी आणखी एक पुडी तिला तशीच भेट म्हणून पाठवली.

एका रविवारी दुपारी आम्ही दोघी ओट्याशी पाकिटं चिकटवत होतो. पूनमचा आवाजी निरोप आला. ताईंनी कौतुकाने मोठ्याने लावला. "आंटी जी, जैसा आपने बताया था, वैसे ही दिया. ड्यूटी से आए तो दूध में पाँच चम्मच. अब ये दीवार से बातें कर रहे हैं. मुझे पहचान नहीं रहे. ऐसा होता है ना?"

ताईंच्या हातातलं पाकीट खाली पडलं. "पाच? मी पाव म्हटलंय, माधवी. पाव."

मी त्यांचा व्हिडिओ लावला. पडद्यावर ताई हसून, स्पष्ट म्हणत होत्या, "सिर्फ पाव चम्मच." आणि त्यांच्या नथीखाली, मोबाइलने आपल्या मनाने लिहिलेली पिवळी अक्षरं होती: सिर्फ पाँच चम्मच. इकडे लोक चौथाई म्हणतात. पाव म्हणजे त्यांच्या लेखी भाजीच्या गाडीवरचं माप. चमच्याला पाव लावलेलं मोबाइलला कुठून कळणार? आणि ताई काय म्हणतात ते पाठ असल्यामुळे आम्ही दोघींनी ती अक्षरं कधी वाचलीच नव्हती. जायफळ फार झालं तर माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, काळीज धावायला लागतं, एवढं मलाही माहीत होतं.

ताईंनी फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला, मग लागला. "अभी के अभी अस्पताल ले जाओ. पुड़ी साथ में लेके जाओ, डॉक्टर को दिखाओ," त्या ओरडल्या. पलीकडून रडणं ऐकू आलं आणि फोन कट झाला. नंतर लागेचना. वसंतराव तोवर स्वयंपाकघरात येऊन उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले की आधी तो व्हिडिओ काढून टाक, उद्या पोलीस आले तर. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाकिटावरचा पत्ता वाचत म्हणाल्या, "काढीन. पण ज्यांनी वाचलंय त्यांना कोण सांगणार?"

आम्ही दोघी टॅक्सीने निघालो, वसंतराव घरीच थांबले. जिना उतरून बाहेर रस्त्यावर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरात माणूस असतानाही दार ओढून बघणाऱ्या ताईंनी आज ते नुसतं लोटून घेतलंय.

गुरुग्रामच्या उंच इमारती खिडकीतून मागे जात होत्या. अचानक त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "धर. बोलते." ना नथ, ना पावडर, केस विस्कटलेले. सवयीने हात छातीवर गेला. "घबराने की बात..." एवढं म्हणून त्या थांबल्या. मला वाटलं रडतील. मग सरळ माझ्याकडे, म्हणजे मोबाइलकडे बघत म्हणाल्या, "नहीं. आज घबराने की बात है. मैंने चौथाई चम्मच बोला था, नीचे पाँच लिखा आया. गलती मेरी है. जिसने पाँच लिया है, वो अभी डॉक्टर के पास जाए. पुड़ी फेंक दो." तो व्हिडिओ तिथूनच गेला. मग जुना पुसला. टॅक्सीवाला आरशातून बघत राहिला आणि त्याने न सांगता वेग वाढवला.

पूनमच्या खोलीला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, रिक्षाने कामगारांच्या दवाखान्यात नेलंय. तिथे बाहेरच्या बाकावर एक पोरगेलीशी बाई हाताची घडी घालून बसलेली दिसली. ताईंना ओळखून ती उठली आणि त्यांच्या पाया पडली. "आंटी जी, आप आ गईं." ताईंना ते सहन झालं नाही, त्या तिथेच जमिनीवर बसल्या. डॉक्टर म्हणाले, काळजाचे ठोके फार वाढलेत, उद्यापर्यंत लक्ष ठेवावं लागेल. आम्ही संध्याकाळभर त्या बाकावर होतो. स्ट्रेचर सरकल्याचा आवाज आला की मी उठून दारातून आत बघायची. अखेर पूनम आतून येऊन म्हणाली, त्याने पाणी मागितलं आणि तिला नावाने हाक मारली.

इथे सुटलो असं मला वाटलं होतं. पण ताई परतीच्या टॅक्सीत बसल्या बसल्या बाकीच्या व्हिडिओंखालची जुनी उत्तरं चाळू लागल्या. पुडी घेतलेल्यांना त्यांनी एकेक करून फोन केले. बहुतेकांनी चिमूटभरच घेतलं होतं. एकीला उलट्या होऊन गेल्या होत्या. राहिली एकच. तिने पुडी मागवलीच नव्हती, घरीच जायफळ कुटलं होतं, म्हणून पत्ता नाही, नंबर नाही. तिने दुसऱ्याच एका व्हिडिओखाली फक्त लिहिलं होतं, "आज से माँ को दे रही हूँ, थैंक्यू आंटी जी." त्यानंतर काहीच नाही.

ताईंनी पुड्या बंद केल्या, नथ डब्यात गेली. त्या मुलीला मात्र लिहीत राहिल्या. "बेटा, माँ कैसी है?" रोज तेच. ती घाबरून गप्प असेल, मोबाइल बदलला असेल, वाचतच नसेल, मी हज्जार कारणं सांगायची. त्या ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा लिहायच्या. मलाही रात्री मध्येच जाग येऊन ती न पाहिलेली म्हातारी दिसायची, भिंतीशी बोलणारी.

वसंतराव निवृत्त झाले आणि ते दोघं सांगलीला निघाले. सामान आधीच गेलं होतं. किल्ली ऑफिसच्या माणसाच्या हातात द्यायच्या आधी ताईंनी रिकाम्या घराचं कुलूप ओढून बघितलं. जिना उतरल्या, आणि मला वाटलंच होतं तसं, पुन्हा वर आल्या. पण कुलपाला हात लावला नाही. माझा हात धरला.

"तिची आई बरी असेल ना गं?"

"असेलच ताई," मी म्हटलं. "घाबरायचं कारण नाही." त्यांचंच वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांनी माझा हात सोडला आणि त्या जिना उतरल्या.

सांगलीहून त्यांचा फोन येतो. आधी तब्येत, पाऊसपाणी, मुलीचं बाळंतपण. बोलणं संपलं तरी त्या फोन ठेवत नाहीत. मग मीच विचारते, तिचं उत्तर आलं का, आणि त्या म्हणतात, नाही, अजून नाही.